मुलुंडला लाट उशिरा पोचते

१

दर बुधवारी मी आणि मार्तंड डबे तपासायला निघायचो. आमचे डबे म्हणजे भूकंपमापक. पिठाच्या मोठ्या डब्याएवढं, तीन पायांवर उभं राहणारं जड यंत्र, त्यातून निघालेली एक जाड केबल आणि खिडकीबाहेर लावलेला, उपग्रहाकडून अचूक वेळ घेणारा घड्याळाचा अँटेना. ज्यांच्या घरी ते ठेवलं होतं त्या सगळ्यांनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव डबा ठेवलं. मग आम्हीही तेच म्हणायला लागलो.

पहिला डबा वेसाव्याच्या कोळीवाड्यात सगुणाताईंच्या घरी. मग पार्ले, मग घाटकोपर, शेवटी मुलुंड. पुढचे शहापूरचे आणि इगतपुरीचे डबे दुसरी टीम बघायची. काम अर्ध्या तासाचं, पण प्रत्येक घरी खाणं व्हायचंच. सगुणाताई सुका जवळा बांधून द्यायच्या, पार्ल्याला थालीपीठ. मार्तंड आमचा यंत्रांचा माणूस, पस्तिशीतला, कायम भुकेला. "अबोली, विज्ञानात पोट सुटतं हे मला कुणी आधी सांगितलं नाही यार," म्हणायचा.

मी काम करते पृष्ठलहरींवर. जगात कुठेही मोठा भूकंप झाला की त्याच्या काही लहरी पृथ्वीच्या पोटातून जातात आणि काही तिच्या पाठीवरून, चादर झटकली की तिच्यावरून लाट जाते तशा. मुंबईखालूनही त्या जातात. आपल्याला पत्ता लागत नाही, कपातल्या चहावर तरंगसुद्धा उठत नाही. आखूड लहर वरच्या वर निघून जाते. लांब लहर खोलवरच्या दगडाला लागून जाते, आणि तो दगड जितका टणक तितकी ती वेगाने पळते. एका डब्यापासून दुसऱ्या डब्यापर्यंत कुठली लहर किती वेळात गेली एवढं मोजलं, की खालचं शिलावरण कसं आहे ते कागदावर उतरवता येतं. शिलावरण म्हणजे ज्या कवचावर आपण सगळे संसार मांडून बसलोय ते. खणायचं नाही, फोडायचं नाही. नुसतं घड्याळ बघायचं.

मुलुंडचा डबा तुळशीदासकाका आणि विमलाकाकूंच्या घरी होता. डोंगराच्या बाजूला, चाळीस वर्षं जुन्या सोसायटीत तळमजल्यावर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. पाया थेट काळ्या दगडावर होता म्हणून आम्ही ती जागा निवडली होती. डबा मागच्या खोलीत होता. एक आरामखुर्ची, एक लोखंडी कपाट, कंपाउंडकडे उघडणारी जाळीची खिडकी, बस. दुपारचं जेवण झालं की काका तिथे जाऊन बसायचे. डब्याला कंटाळा येऊ नये म्हणून, असं ते सांगायचे.

काका मूळचे मालवणकडचे. गिरणीत साचे चालवले, गिरणी बंद पडल्यावर मुलुंडच्याच एका कारखान्यात पॅकिंगला लागले, आता अठ्ठ्याहत्तरीचे. साच्यांच्या खडखडाटात वीस वर्षं काढलेल्या माणसाला कमी ऐकू यायचंच, हे काकूंनी आणि सगळ्या सोसायटीने गृहीत धरलं होतं.

२

नोव्हेंबरात जपानजवळ समुद्रात मोठा भूकंप झाला. आमच्यासाठी सणच. ईशान्येकडून येणारी लाट बरोबर आमच्या रांगेवरून जाणार होती. आधी इगतपुरी, मग शहापूर, मुलुंड, घाटकोपर, पार्ले, वेसावे.

दुसऱ्या दिवशी मी सगळे आलेख एकाखाली एक लावले. इगतपुरी, शहापूर, छान. मग घाटकोपर. मग मुलुंड.

मी डोळे चोळले. मुलुंडहून घाटकोपरला त्या लाटेला जेमतेम अडीच सेकंद लागायला हवे होते. इथे लाट घाटकोपरला आधी पोचली होती आणि मुलुंडला तिच्यानंतर दीड सेकंदाने. ठाण्याहून निघालेली बस एलबीएस रोडने आधी घाटकोपरला दिसावी आणि नंतर मुलुंडला, तसं.

"दगड मऊ असेल तिथे," मार्तंड माझ्या खांद्यावरून बघत म्हणाला.

"मऊ दगड सगळ्या लहरींना सारखा अडवत नाही रे. आखूड लहर वेगळी अडते, लांब वेगळी. इथे सगळ्या एकसारख्या उशिरा आहेत. चार सेकंद, प्रत्येक लहर."

"म्हणजे घड्याळ."

"म्हणजे घड्याळ," मी म्हणाले, आणि हायसं वाटलं. सगळंच सारखं उशिरा येत असेल तर दोष जमिनीत नसतो, घड्याळात असतो. हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात. मी मुलुंडच्या नोंदीतून चार सेकंद वजा केले. आलेख एकाखाली एक असे सुरेख बसले की मार्तंडने खालून वडापाव मागवले.

३

पुढच्या बुधवारी आम्ही नवा डबा, नवं घड्याळ, नवी केबल, नवा अँटेना घेऊन मुलुंडला गेलो. त्या दिवशी भारताची वनडे होती. बाहेरच्या खोलीत टीव्ही चालू होता, काकूंनी घावणे काढले होते आणि आमच्या शेजारी बसून त्या स्वतः प्रत्येक फलंदाजाला सूचना देत होत्या. काका आत, डब्याच्या खोलीत.

"काका बाहेर नाही येत मॅच बघायला?" मी विचारलं.

"ऐकतायत तिथूनच. आवाज मोठा ठेवलाय म्हणून तर," काकू म्हणाल्या.

एवढ्यात षटकार बसला. आम्ही तिघं ओरडलो. वरच्या मजल्यावर कुणीतरी ताट वाजवलं. पुढचा चेंडू टाकायला गोलंदाज मागे फिरला, पंचांनी टोपी सारखी केली, आणि मग आतून काकांचा आवाज आला.

"गेलो! गेलो! सिक्स!"

काकू हसून हसून वाकल्या. "बघ. ह्यांचं सगळं असंच. सहा-सात सेकंदांनी पोचतं. ट्यूबलाइट झालीय नुसती."

मीही हसले. टीव्हीवाल्यांच्या डिश वेगवेगळ्या वेळी आवाज देतात हे मला माहीत होतं. एका घरात गोल आधी होतो, शेजारी नंतर. पण इथे टीव्ही एकच होता. मग मी म्हटलं, म्हातारा माणूस आहे, ऐकून समजायला वेळ लागत असेल.

डबा बदलायला आत गेलो तर काका एकदम ताजेतवाने. मार्तंडने नुसतं "काका" म्हणायचा अवकाश, लगेच "इलस रे? बस" आलं. मी हळू आवाजात, पाठ फिरवून बोलून पाहिलं. त्यांनी तितक्याच हळू आवाजात उत्तर दिलं.

"काका, तुम्हाला तर छान ऐकू येतं."

"माका सगळा ऐकाक येता," काका म्हणाले. "तिका सांग." आणि दाराकडे बोट दाखवून डोळे मिचकावले.

काकू घावण्यांची ताटली घेऊन आत आल्या. "हो, ह्या खोलीत येतं ऐकू. बाहेर पाऊल टाकलं की बहिरे. सोयीस्कर कान आहेत."

डिसेंबरात इंडोनेशियाकडे भूकंप झाला. डबा नवा, घड्याळ नवं. मुलुंडची लाट सात सेकंद उशिरा आली.

४

मी सात सेकंद वजा केले.

हे मला आता सांगताना लाज वाटते, पण खरं आहे. जानेवारीअखेर शोधनिबंध पाठवायचा होता. वजा केल्यावर उत्तर सुंदर येत होतं. वर काळ्या खडकाचे थर, खाली कवच, त्याखाली शंभरेक किलोमीटरवर टणकपणा कमी होत जातो ती जागा. एका चुकार घड्याळासाठी कोण सगळं थांबवणार? निबंधात मी एक ओळ लिहिली, "मुलुंड केंद्राच्या वेळेत आवश्यक ती दुरुस्ती केली आहे." तिच्याकडे बघून मला बरं वाटत नव्हतं, एवढं मात्र होतं.

मग काकूंचा फोन आला. त्या इतक्या हसत होत्या की आधी काही कळेना.

"अगं, ह्यांना कानाच्या डॉक्टरकडे नेलं होतं. ते काचेच्या खोलीत बसवतात ना, कानाला लावून? आवाज आला की बटण दाबायचं. आपले महाशय प्रत्येक आवाजाला दाबतायत बटण! एकही चुकला नाही. अगदी बारीकातला बारीकसुद्धा."

"मग चांगलंच की, काकू."

"अगो पण दाबतायत कधी? ती मुलगी पुढचा आवाज सोडून त्याच्याही पुढे गेलेली असते, तेव्हा! तिने शेवटी घड्याळ लावलं. दर वेळी बरोबर अकरा सेकंद. डॉक्टर म्हणाले, कान वीस वर्षांच्या पोराचे आहेत, पण हे मी आजवर पाहिलं नाही. मी म्हटलं, मी पन्नास वर्षं बघतेय."

मी हसले नाही. समोर पडद्यावर त्याच आठवड्यातला आलेख होता, चिलीकडून आलेली एक बारकी लाट. मी अजून मुलुंडचा उशीर मोजला नव्हता. काकू बोलत होत्या आणि मी एका हाताने मोजला.

दहा पूर्णांक नऊ.

"हॅलो? अबोली? आहेस ना गं?"

"आहे काकू," मी म्हटलं. "काका दिवसातून किती वेळ बसतात त्या खोलीत?"

"आता झोपतातसुद्धा तिथेच. का गं?"

५

मार्तंडला मी सगळं सांगितलं तेव्हा तो पेन चावायला लागला. मग म्हणाला, "एक उडी मारून बघू."

ही आमची नेहमीची पद्धत. डब्याजवळ माणूस उडी मारतो, पडद्यावर तत्क्षणी टोकदार रेघ उठते, म्हणजे डबा जिवंत आहे हे कळतं. फक्त या वेळी उडी डब्याजवळ मारायची नव्हती.

बुधवारी दुपारी साडेतीनला आम्ही लॅपटॉप बाहेरच्या खोलीत टीपॉयवर ठेवला आणि आतून लांब केबल ओढून आणली. मधे एक भिंत. भिंतीपलीकडे पाच पावलांवर डबा, त्याच्याशेजारी खुर्चीत काका. ऊन पार स्वयंपाकघरापर्यंत आलं होतं. काकू पदर खोचून बघत उभ्या.

मार्तंडने चप्पल काढली आणि धप्पकन उडी मारली. शोकेसमधले कप खणखणले.

पडद्यावरची रेघ सरळ चालली होती.

"केबल निघाली असेल," मार्तंड म्हणाला.

"नाही निघालेली. बारीक थरथर येतेय बघ."

आम्ही बघत राहिलो. रस्त्यावरून भंगारवाल्याची हाक गेली. मी मनात आकडे मोजत होते, पण मोजतेय हे मला पंधरापर्यंत कळलंच नव्हतं. सोळा. सतरा. अठरा.

एकोणीसला रेघ टोकदार उठली. मार्तंडचीच उडी. आधी टाचा, मग पंजे, हुबेहूब.

मार्तंड स्वतःच्या पायांकडे बघत होता, जणू ते दुसऱ्याचे आहेत. मी म्हटलं, "योगायोग असेल. वर कुणीतरी काहीतरी आपटलं."

"मग परत मारूया," काकू म्हणाल्या आणि कुणी अडवायच्या आत सत्तरीच्या बाईने दोन्ही हात वर करून उडी घेतली. खाली आल्यावर स्वतःच खूश. "कित्येक वर्षांनी मारली गं! कसं दिसतंय माझं?"

एकोणीस सेकंदांनी तेही दिसलं. लहान, गोल, जरासं डावीकडे झुकलेलं. काकूंचा डावा गुडघा दुखतो.

पाच पावलं. दगडातून एवढं अंतर जायला लाटेला सेकंदाचा शंभरावा हिस्साही लागत नाही. तीन महिने मी ज्याला घड्याळाचा दोष म्हणत होते, त्यात घड्याळ कुठेच नव्हतं. मला एकाच गोष्टीची घाई झाली. "काकू, काकांना त्या खोलीतून बाहेर काढूया. आत्ता. डबा पण काढतो आम्ही."

काकूंनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्यांचं हसू मावळलं नाही, पण त्यांनी पदर सोडून नीट घेतला. "चल," म्हणाल्या.

६

खोलीत आधी मी पाऊल टाकलं. काहीच झालं नाही. तीच खोली, तीच कपाटाची गंजलेली कडी, डांबराच्या गोळ्यांचा वास. खिडकीतून कंपाउंडची भिंत आणि तिच्यामागे डोंगराचा तुकडा.

"काका, चला, बाहेर बसूया. चहा टाकलाय."

"हय बरा आसा," काका लगेच म्हणाले. "हयसर सगळी वेळेवर बोलतत. भायर गेलय की माणसा आधीच बोलान मोकळी झालेली असतत. मी जीभ उचलीपर्यंत विषय सरता. एकटा एकटा वाटता माका, गो."

हे त्यांनी हसतच सांगितलं. पण काकू खुर्चीच्या हातावर टेकल्या आणि त्यांनी काकांचा हात धरला. इतके महिने ज्यावर आम्ही सगळे हसत होतो ते या माणसाला आतून कसं दिसत होतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा समजलं.

"आम्ही थांबू की," काकू म्हणाल्या. "तुमचं बोलणं येईपर्यंत थांबू. कुठे जायचंय आपल्याला?"

काका विचार करत खिडकीकडे बघत होते. मी गुडघ्यावर बसून डब्याचे पाय सैल करत होते. बघते तर काकांनी एकदम हात वर केला, चेहरा फुलवला आणि खिडकीबाहेर कुणालातरी हात हलवून दाखवला.

मी मान वळवली. जाळीबाहेर कुणी नव्हतं.

"कुणाला हात करताय, काका?"

"तुका," काका म्हणाले.

मार्तंड मोठ्याने हसला, काकूही हसल्या. मी म्हटलं, "मी इथे आहे, काका." ते म्हणाले, "हय पण आसस." मग मार्तंडने त्यांना काखेत हात घालून उठवलं, काकू पुढे झाल्या, मी डबा छातीशी धरून मागून निघाले आणि पायाने दार ओढून घेतलं. बाहेर येताच मार्तंडने विचारलं, "साखर किती, काका?" काका शांत. आम्ही तिघंही शांत उभे राहिलो. बरोबर एकोणीस सेकंदांनी काका म्हणाले, "दोन चमचे," आणि काकूंनी टाळ्या वाजवल्या, जणू त्यांनी शतक ठोकलं होतं.

७

अँटेना अजून खिडकीच्या जाळीला बाहेरून बांधलेला होता. तो सोडवायला मी एकटीच घराला वळसा घालून कंपाउंडमध्ये गेले. चप्पल पायात अडकवली आणि जवळजवळ धावतच गेले, कारण हे सगळं एकदाचं संपवून मला घावणे खायचे होते.

जाळीला हात लावला आणि आत पाहिलं.

काका खुर्चीत बसले होते.

समोरच्या बाजूने, बाहेरच्या खोलीतून मार्तंडचा आवाज येत होता. "काका, बिस्किट?" आणि इथे आत काका खुर्चीत, काकू खुर्चीच्या हातावर टेकलेल्या, त्यांचा हात धरलेला. जमिनीवर माझ्या रंगाची ओढणी, माझी वेणी, माझी वाकलेली पाठ. ती डब्याचे पाय सैल करत होती.

काचेवर पडलेलं प्रतिबिंब, हा पहिला विचार आला. पण खिडकीला काच नव्हती, जाळी होती. जाळीतून डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता.

मग काकांनी नजर उचलली. त्यांनी मला पाहिलं. चेहरा फुलला, हात वर गेला आणि त्यांनी तो हलवला.

मीही हलवला. दुसरं काय करणार? इतक्या आनंदाने कुणी हात केला तर आपला हात आपोआप वर जातो.

जमिनीवरची ती मान वळवायला लागली. माझी मान वळताना मागून कशी दिसते हे मी कधी पाहिलं नव्हतं. मला फक्त कान दिसला, गालाची कड दिसली, आणि मी खाली बसले. भिंतीला पाठ लावून, गुडघ्यांत डोकं घालून, ती इथे बघून होईपर्यंत. कारण मी पाहिलं होतं तेव्हा जाळीबाहेर कुणी नव्हतं. ते तसंच राहायला हवं होतं.

आतून माझा आवाज आला. "कुणाला हात करताय, काका?"

मी दोन्ही कानांवर हात ठेवले. हिशेब मात्र डोक्यात चालूच राहिला, सवयच ती. खोली मागे आहे, आणि आता एकोणीस सेकंदांपेक्षाही बरीच मागे. बाहेरचं सगळं आत उशिरा पोचतं. मग काकांना मी उशिरा दिसायला हवी होती. मी इथे येण्याआधी त्यांनी मला पाहिलंच कसं? मी तो हिशेब पुन्हा मांडला, पुन्हा मांडला. तो बसत नव्हता.

दार ओढल्याचा आवाज आला तेव्हा मी उठले. आत रिकामी खुर्ची, रिकामी जमीन. मी कात्रीने अँटेनाची दोरी कापली आणि निघाले. चहा प्यायले. दोन घावणे खाल्ले. मार्तंडने "काय झालं?" विचारलं, तर म्हटलं, "ऊन लागलं."

८

ती खोली काकूंनी बंद केली. आम्ही निबंधातून मुलुंड काढून टाकलं. एक केंद्र कमी झाल्याने नकाशा जरा धूसर झाला, पण खोटा राहिला नाही, आणि निबंध स्वीकारलाही गेला. उशिराबद्दल मी विभागात सगळं लिहून दिलं. "स्थानिक अडथळा" असा शेरा मारून कागद फायलीत गेला.

आणि काका सुधारायला लागले. ते बाहेरच्या खोलीत झोपायला लागल्यापासून चौथ्याच दिवशी काकूंचा फोन आला. "अबोली, सोळा!" मग दर दोन-तीन दिवसांनी नुसता आकडा यायचा. चौदा. अकरा. नऊ. भाजी आणायला गेले आणि भाजीवाल्याशी भांडून आले, सहा! फोन आला की मार्तंड लांबूनच विचारायचा, "किती?" मी आकडा सांगितला की तो टेबलावर ताल धरायचा.

मार्चच्या एका रविवारी आकडा शून्य झाला. काकूंनी आम्हाला कोंबडी-वडे करून घातले. काका मधे बसले होते, प्रत्येकाला हजरजबाबी उत्तरं देत होते, मार्तंडची टोपी उडवत होते, आणि काकू वाढता वाढता थांबून नुसत्या त्यांच्याकडे बघत राहायच्या. इतकं सुंदर जेवण मी जन्मात जेवले नाही.

पुढच्या आठवड्यात काकू म्हणाल्या, "आता तर विचारायच्या आधीच सांगतात. चहा म्हणायच्या आत साखर कमी म्हणतात!" आम्ही हसलो. पन्नास वर्षांच्या संसारात बायकोचा प्रश्न नवऱ्याला आधी कळणारच.

पण त्या रात्री मला झोप लागली नाही. आमच्या यंत्रात एक लंबक असतो. त्याला एका बाजूला ओढून सोडला की तो मधे येतो. मधे आला म्हणजे थांबला असं नसतं.

आज दुपारी मी फोन केला. काकांनीच उचलला.

"ये तर! रविवारी ये," ते म्हणाले. मी अजून हॅलोही म्हटलं नव्हतं. "होय, मार्तंडाक पण घेवन ये." मग जरा थांबून, "बरो आसय. झोप लागता." मग हसत, "ती? ती पापड वाळत घालता गच्चीर." आणि मग आवाज एकदम खाली आणून, अगदी मऊ, आजारी मुलाशी बोलावं तसं, "रडा नको गो. रडा नको. मी आसय."

त्यानंतर पलीकडून नुसता श्वास ऐकू येत राहिला.

मी खिडकीशी उभी होते. बाहेर स्वच्छ ऊन होतं. मला रडू बिलकुल येत नव्हतं.

"काका," मी म्हटलं, "रविवारी येऊ का मी?" उत्तर आलं नाही. ते येऊन गेलं होतं. "मार्तंडला आणू?" पलीकडे श्वास. "तुम्ही कसे आहात? झोप लागते ना?" मग विचारलं, "काकू कुठे आहेत?"

चार प्रश्न विचारून झाले. चारही उत्तरं आपापल्या जागी नीट बसली, वजाबाकी केल्यावर आलेख बसतात तशी. पाचवा प्रश्न मला माहीत नव्हता, आणि एक उत्तर उरलं होतं.